जुनेर, दंड आणि गोधडी : जुन्या वस्त्राच्या पुनर्योजनेचा शब्दाधारित इतिहास

वेशभूषेचा इतिहास बहुधा नव्या वस्त्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पैठणचा जरीकाठ, चौलसारख्या बंदरांतून झालेला कापडाचा व्यापार, दरबारी पोशाख, शिल्पांतील आणि भित्तिचित्रांतील वस्त्रप्रावरणे हे या इतिहासाचे परिचित विषय होत. वस्त्र मागावरून उतरले, विकले गेले, कोणी तरी ते परिधान केले, एवढ्यावर इतिहासकाराचे लक्ष थांबते. परंतु कोणत्याही वस्त्राच्या आयुष्यात नवेपणाचा काळ अत्यंत अल्प असतो. उरलेले सारे आयुष्य ते जुने म्हणूनच काढते. सामान्य कुटुंबात पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत एका लुगड्याने किती रूपे घेतली, ती कोणी दिली आणि त्यांत कोणते कौशल्य लागत होते, याची नोंद जमाखर्चाच्या वह्यांत सापडत नाही. कारण त्या व्यवहारात पैसा हस्तांतरित होत नसे. तो व्यवहार घराच्या आत, बहुतांशी स्त्रियांच्या हातून, सुई आणि कात्री यांच्या साहाय्याने होत असे.

ज्याची नोंद दप्तरात नाही त्याची नोंद पुष्कळदा भाषेत असते. प्रस्तुत लेखात मराठीतील जुन्या वस्त्राशी संबंधित शब्दांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. कमी कपडे विकत घ्यावेत, जुन्या कपड्यांना नवे रूप द्यावे, दुसऱ्याने वापरलेले वस्त्र कल्पकतेने पुन्हा वापरावे, हा विचार आज नगरांतील तरुण वर्गात एक नवी रुची म्हणून पुढे येत आहे. तो नवा आहे काय, आणि नसल्यास त्याच्या पूर्वरूपात व आजच्या रूपात भेद कोणता, हा या लेखापुढील प्रश्न आहे. शब्दांवरून इतिहास काढताना एक पथ्य पाळावे लागते. शब्द हा तिथीचा पुरावा क्वचितच असतो. तो मुख्यतः वर्गीकरणाचा आणि मूल्यभावाचा पुरावा असतो. म्हणून अमुक प्रथा अमुक वर्षी सुरू झाली असे विधान येथे शब्दांच्या आधारे केलेले नाही. समाजाने जुन्या वस्त्राचे कोणते प्रकार वेगळे मानले आणि त्या प्रत्येकाविषयी कोणती भावना बाळगली, एवढेच शब्दांना विचारले आहे.

१. ‘कापड’ या शब्दाची कुळकथा

प्रारंभ सर्वांत सामान्य शब्दापासून करू. मराठी ‘कापड’ आणि हिंदी ‘कपडा’ हे दोन्ही प्राकृत ‘कप्पड’ या शब्दाचे वंशज असून त्याचे मूळ संस्कृत ‘कर्पट’ आहे. कर्पट या शब्दाचा कोशांतील अर्थ मात्र ‘वस्त्र’ एवढाच नाही. जीर्ण, ठिगळ लावलेले वस्त्र किंवा वस्त्राचा फाटका तुकडा असा तो अर्थ आहे. अमरकोशाच्या मनुष्यवर्गात जीर्णवस्त्राला ‘पटच्चर’ हा शब्द देऊन लगेच ‘नक्तक’ आणि ‘कर्पट’ हे एकमेकांचे पर्याय म्हणून सांगितले आहेत. याच शब्दापासून ‘कार्पटिक’ म्हणजे फाटकी वस्त्रे धारण करणारा यात्रेकरू, आणि त्यापासून जुन्या मराठीतील ‘कापडी’ हा यात्रेकरूवाचक शब्द सिद्ध झाला. म्हणजे ज्याला आज आपण कापडाचे दुकान म्हणतो, त्यातील पहिल्या पदाचा पूर्वज ठिगळांचे वस्त्र सुचविणारा होता.

हा अर्थविस्तार आकस्मिक मानता येणार नाही, कारण तो एकटा नाही. संस्कृत ‘चीर’ म्हणजे वस्त्राची किंवा वल्कलाची पट्टी, तसेच चिंधी. भिक्षूचे ‘चीवर’ त्याच परिवारातले, आणि मराठीतील ‘चिरगूट’ हे त्याचेच घरगुती नातलग. कोशांतील ‘लक्तक’ म्हणजे मळके, फाटके वस्त्र. त्याचे प्रतिबिंब ‘लक्तर’ या शब्दात दिसते. ‘वल्कल’ या तपोवनातील शब्दाचे मराठी रूप ‘वाकळ’ असे झाले, आणि ऋषींच्या अंगावरची झाडाची साल शेतकऱ्याच्या घरातील जाड पांघरूण झाली. या साऱ्या शब्दांत वस्त्र ही कल्पना अखंड ठाणापासून सुरू होत नाही. ती तुकड्यापासून सुरू होते. बहुसंख्य लोकांच्या अनुभवात वस्त्र म्हणजे जोडलेले, सांधलेले, पुन्हा उपयोगात आणलेले वस्त्र होते, असे अनुमान यावरून काढल्यास ते धाडसाचे ठरू नये.

या अनुभवाला प्राचीन वाङ्मयातही एक स्पष्ट साक्ष आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीच्या उदयन राजाची आणि आनंदाची कथा येते. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदाने उत्तर दिले, की ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजाने विचारले. त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पुढे पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी, आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात मिसळून त्या मिश्रणाने भुई लिंपली जाईल. राजाची शंका फिटली आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. या कथेतील महत्त्वाची गोष्ट काटकसर ही नाही. वस्त्राच्या उतरत्या अवस्थांची निश्चित, नावे असलेली पायरी ही आहे. मराठी घराने हीच पायरी आपल्या शब्दांत बांधली.

२. नेसणे आणि घालणे

त्या पायरीकडे वळण्यापूर्वी मराठीतील एका क्रियापदभेदाकडे लक्ष वेधले पाहिजे. मराठीत लुगडे आणि धोतर ‘नेसतात’, सदरा आणि चोळी ‘घालतात’, शाल ‘पांघरतात’, पागोटे ‘बांधतात’. ‘नेसणे’ हे संस्कृत नि-वस् या धातूपासून आलेले जुने क्रियापद अशिवण वस्त्रासाठी राखून ठेवले गेले आहे. हा भेद व्याकरणातील कुतूहलाचा विषय मानला जातो. परंतु वस्त्राच्या आर्थिक इतिहासातही त्याला अर्थ आहे.

शिवलेला कपडा कापल्याशिवाय तयार होत नाही. त्याला शरीराचा आकार येतो, आणि तो आकार ज्या शरीराचा असेल त्याच्यापुरताच तो उपयोगी राहतो. नेसावयाचे वस्त्र मात्र अखेरपर्यंत आयतच राहते. आठ-नऊ वारांचे लुगडे आईचे असले तरी ते लेकीला, सुनेला किंवा जावेला सारखेच येते. त्यासाठी शिंप्याकडे जावे लागत नाही. ते फाटले तर नेमक्या फाटक्या भागापुरते फाटते, आणि उरलेले कापड सरळ, सलग, कोणत्याही कामाला मोकळे असते. ‘नेसणे’ या क्रियापदाच्या कक्षेतील वस्त्रे ही पुनर्योजनेसाठी जणू आधीच सिद्ध होती. गुजरातीत ‘लूगडुं’ हा शब्द कपडा या सामान्य अर्थाने चालतो. मराठीने तो स्त्रीच्या नेसण्याच्या वस्त्रापुरता मर्यादित केला. मराठी घरातील कापडाचा सर्वांत मोठा साठा लुगड्यांच्या रूपात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व रूपांतरे लुगड्यापासूनच का निघतात हे कळते.

३. लुगड्याची उतरती पायरी

लुगड्याचा जो भाग बसण्या-उठण्याने ताणला जातो तो प्रथम विरतो. काठ आणि पदर पुष्कळ काळ शाबूत राहतात. अशा वेळी विरलेला भाग कापून काढीत आणि उरलेले दोन चांगले भाग एकमेकांना जोडीत, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग घेऊन त्यांचे एक लुगडे सिद्ध करीत. या जोडाला ‘दंड’ आणि या क्रियेला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घालणे हे केवळ शिवणे नव्हते. कोणता भाग ठेवावयाचा, काठाला काठ कसा जुळवावयाचा, आणि नेसल्यावर जोड निऱ्यांत किंवा कासोट्यात कसा लपेल, याचा आधी हिशेब करावा लागे. दोन भिन्न रंगांची लुगडी जोडावयाची असल्यास दर्शनी भागी कोणते यावे, हा निर्णय रुचीचा होता. आज ज्याला वेशरचना म्हणतात तिचेच हे रूप होते. फक्त ते करणाऱ्या स्त्रीला त्यासाठी स्वतंत्र नाव नव्हते.

दंड घातलेले वस्त्रही विरले की त्याचे ‘जुनेर’ होई. जुनेर हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. तो निरुपयोगी वस्त्राचा वाचक नाही. घरात, कष्टाच्या कामाला किंवा बाळंतिणीला वापरावयाच्या मऊ वस्त्राचा तो वाचक आहे. जुनेराचे पुढे अनेक मार्ग फुटत. मुलीचा परकर, पोलके, अंगावर घेण्याचा धडपा. तान्ह्या मुलाचे दुपटे, कुंची, अंगडे-टोपडे आणि लंगोट. नवजात बालकाला नवे कापड न घालता वापरून मऊ झालेले कापड घालावे, हा संकेत केवळ दारिद्र्यातून आलेला नाही. हातमागाचे नवे कापड खळीमुळे खरखरीत असते. अनेक धुण्यांनीच ते त्वचेला सोसवेल असे होते. वस्त्राचे वय हा येथे दोष नसून गुण ठरतो.

त्यानंतरची पायरी गोधडीची. गोधडी, वाकळ, लेपाटे ही तिची प्रदेशपरत्वे नावे. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, कन्नडात कौदी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजात कवंदी आणि बंगालात कांथा. वरच्या व खालच्या अंगाला त्यातल्या त्यात बळकट लुगडे, मध्ये विरलेल्या तुकड्यांचे थर, आणि साऱ्यांना एकत्र धरणारा धावदोरा, अशी तिची रचना असते. बंगाली कांथेत टाक्यांसाठी लागणारा रंगीत दोरा जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढीत, म्हणजे तेथे दोरासुद्धा विकत घेतलेला नसे. गोधडीत प्रत्येक तुकडा अशक्त असतो. थर आणि टाका यांमुळे समुच्चय बळकट होतो. उन्हाळ्यात जुनी लुगडी धुऊन वाळवून गोधड्या घालण्याचे काम चाले, आणि एका गोधडीत आजीचे, आईचे आणि आत्याचे लुगडे ओळखून दाखविता येई.

गोधडीही विरली म्हणजे उरे ती चिंधी. चिंधीचे फडके होई, सारवणाचे पोतेरे होई, दिव्याच्या काचेवर फिरविण्याचा बोळा होई. चिंध्या पिळून, तेलात बुडवून ‘काकडा’ करीत. देवळातील पहाटेच्या काकड-आरतीचे नाव यावरूनच पडले आहे. अखेरची आणि इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची पायरी कागदाची होय. दौलताबादजवळील कागझीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही हातकागदाची जुनी केंद्रे. चिंध्या, जुने दोर आणि तागाचे तुकडे कुजवून, कुटून त्यांच्या लगद्याचा कागद होई. ज्या दप्तरांत जुन्या वस्त्राची नोंद सापडत नाही असे आपण म्हणतो, त्या दप्तरांच्या कागदाच्या तंतूंत ते वस्त्र स्वतःच उपस्थित असू शकते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसिद्ध दृष्टान्तात मनुष्य जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा देह बदलतो असे म्हटले आहे. तत्त्वज्ञानाला तो दृष्टान्त शोभतो. मराठी गृहिणीच्या अनुभवात मात्र वस्त्र टाकण्याचा असा एक निश्चित क्षण नव्हता; टाकण्याऐवजी पुढच्या नावाला पोहोचविण्याचा क्षण होता.

४. शब्दांचे मूल्य आणि सुईची रेषा

या शब्दसमूहाकडे मूल्यभावाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक नियमितता आढळते. जुनेर, दुपटे, कुंची, गोधडी, वाकळ या शब्दांना हीन छटा नाही. उलट त्यांत ऊब आणि जिव्हाळा आहे. चिंधी, लक्तर, पोतेरे, बोळा हे शब्द मात्र तुच्छतेचे वाहक झाले. ‘लक्तरे वेशीवर टांगणे’ म्हणजे अब्रू काढणे. ‘पोतेरे होणे’ म्हणजे मान जाणे. ‘चिंधीचोर’ ही शिवी, आणि मुंबईच्या बोलीत ‘चिंधी’ हे क्षुद्र अशा अर्थाचे विशेषणच झाले आहे.

ही विभागणी वस्त्राच्या वयावर अवलंबून नाही. गोधडीतील तुकडा आणि बाहेरची चिंधी हे पुष्कळदा एकाच लुगड्याचे, एकाच वयाचे असतात. भेद एवढाच, की पहिल्याला सुईने आकार दिला आहे आणि दुसरी आकारहीन उरली आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण नेमके हेच सांगते. ‘धड’ म्हणजे अखंड, कामास येणारे. भाराभर कापड असूनही त्यातून एक धड वस्तू निर्माण झालेली नाही, हे त्या म्हणीचे दूषण आहे. जुनेपणाला तिचा आक्षेप नाही. विपुलता आणि योजनाशून्यता यांच्या संयोगाला आहे. कपाटे भरलेली असून परिधान करण्यास काही नाही, ही आजची तक्रार या म्हणीच्या कक्षेत सहज येते.

द्रौपदीच्या लोककथेत हाच विचार वेगळ्या रीतीने येतो. कृष्णाचे बोट कापले असता चिंधी शोधण्यात वेळ जातो, आणि द्रौपदी आपल्या भारी वस्त्राचीच पट्टी फाडून बांधते. चिंधीचे मूल्य तिच्या किमतीत नसून तिला दिलेल्या कार्यात आहे, ही लोकबुद्धी या कथेत आहे.

५. देणारा हात

येथवरचे विवेचन घराच्या आत फिरणाऱ्या वस्त्राचे झाले. वस्त्र घराबाहेर, एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाऊ लागले की सुईच्या रेषेखेरीज आणखी एक रेषा उमटते. येथे भूतकाळाचे केवळ कौतुक करून भागणार नाही.

‘खिलत’ हा मराठी दप्तरांत रूढ असलेला शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी ‘अंगावरून उतरविणे’ हा अर्थ आहे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र उतरवून सेवकाला द्यावे, ही मूळ कल्पना. मोगल दरबारात बादशहाने प्रत्यक्ष परिधान केलेले वस्त्र मिळणे हा विशेष सन्मान गणला जाई. पुढे खिलतीचे पोशाख नवेच तयार होऊ लागले, तरी नावात उतरलेल्या वस्त्राची आठवण राहिली. म्हणजे दुसऱ्याने वापरलेले वस्त्र हे एका संदर्भात प्रतिष्ठेचे परमोच्च चिन्ह होते.

दुसऱ्या संदर्भात तेच वस्त्र अप्रतिष्ठेचे चिन्ह झाले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे विधान आहे, आणि त्याच अध्यायात चांडालांची वस्त्रे मृतांच्या अंगावरची असावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड ज्यांच्या वाट्याला येई, त्यांच्या दृष्टीने जुन्या वस्त्राचा पुनर्वापर ही कल्पकता नव्हती. तो जन्माने लादलेला नियम होता. २७ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, तेव्हा लुगडे नेसण्याच्या पद्धतीतून आणि दागिन्यांतून ओळखू येणारी अस्पृश्यतेची खूण टाकून देण्यास त्यांनी सांगितले. वस्त्र कोणते, यापेक्षा ते कोणाच्या इच्छेने अंगावर येते हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, असे आपल्या विषयाच्या दृष्टीने म्हणता येईल.

याच्या शेजारी गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण ठेवावे. ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. जी चिंधी दुसऱ्याने दिली असता अपमान ठरते, तीच स्वतः निवडली असता अधिकाराचे चिन्ह झाली. चीवर धारण करणाऱ्या भिक्षूची परंपराही हीच. वस्त्राच्या जीर्णतेचा सामाजिक अर्थ दोन प्रश्नांवर ठरतो : ते वस्त्र घेणाऱ्याला नाकारता येत होते काय, आणि त्याला रूप देणारा हात कोणाचा होता?

६. होळी, नियंत्रण आणि गिरणीचे कापड

विसाव्या शतकात हे प्रश्न सार्वजनिक झाले. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात आणि ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. दुसऱ्या होळीनंतर रवींद्रनाथ ठाकूर यांनी आक्षेप घेतला, की ज्या देशात लोक वस्त्रावाचून आहेत तेथे वस्त्रे जाळण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो? ऑक्टोबर १९२१ मध्ये गांधींनी ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. त्यातील एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे : वस्त्रहीनांना आपल्या नकोशा कपड्यांचे दान देणे हा त्यांचा अपमान आहे; त्यांना काम दिले पाहिजे. वादाचा निकाल लावणे हे या लेखाचे काम नाही. जुन्या वस्त्राचे दान निरपवाद पुण्यकर्म आहे ही समजूत त्या वादात प्रथमच इतक्या उच्च स्थानावरून तपासली गेली, एवढे नोंदविले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची तीव्र टंचाई झाली आणि सरकारने १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना शिधापद्धती लागू झाली होती. तेथे पहिल्या वर्षासाठी माणशी ६६ कूपने होती, आणि १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ या नावाची पुस्तिका काढून सरकारने गृहिणींना जुन्या कपड्यांना नवे रूप देण्याचे धडे दिले. ही शिधापद्धती मार्च १९४९ मध्ये उठली. ब्रिटनमध्ये ज्याचे शिक्षण शासनाला छापून द्यावे लागले, ते ज्ञान मराठी घरात दंड आणि गोधडी या रूपांनी आधीच होते. मात्र ते शासनाने मान्य केलेले ज्ञान नव्हते, म्हणून त्याची पुस्तिका निघाली नाही.

या ज्ञानाचा ऱ्हास सावकाश झाला. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी तिचे उत्पादन सुरू झाले; तेव्हापासून हाताने कातलेल्या सुताचे श्रममूल्य क्रमाने अप्रस्तुत होत गेले. तरीही गिरणीच्या कापडाच्या काळात पुनर्योजना थांबली नाही. तिने नवी रूपे घेतली. शिंपी सदऱ्याची विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवीत. थोरल्या भावाची विजार धाकट्यासाठी आखूड होई. रफूगार विरलेल्या शालीचा ताणा-बाणा पुन्हा विणून देई. जरीकाठ उसवून नव्या कापडाला लावीत, किंवा जर जाळून त्यातील चांदी काढून घेत. याच काळात शहरांत बोहारणीचा व्यवसाय वाढला. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे द्यावे, घेतलेले कपडे धुऊन, डागडुजी करून जुन्या बाजारात विकावेत, हा तो व्यवसाय. दारातली घासाघीस हा त्याचा अविभाज्य भाग होता, आणि ती क्षुद्र मानणे योग्य नाही. बोहारीण दान मागत नसे. जुन्या वस्त्राला किंमत आहे हे ती मोजून सांगत असे. वर काढलेल्या दुसऱ्या रेषेच्या दृष्टीने पाहता, जुने वस्त्र घराबाहेर नेण्याचा हा त्यातल्या त्यात समतेचा मार्ग होता.

खरा खंड पडला तो कृत्रिम धाग्याने आणि तयार कपड्यांनी. पॉलिएस्टरची साडी लवकर विरत नाही. पण ती पाणी शोषत नाही, तिचे दुपटे होत नाही आणि पोतेरेही होत नाही. पायरीच्या पहिल्या टोकाला ती दीर्घायुषी ठरली आणि पुढच्या सर्व पायऱ्या तिने तोडल्या. शिवलेल्या तयार कपड्यांचा तुकडा लहान आणि वाकडा असतो. त्यात दंड घालता येत नाही. ‘नेसणे’ मागे पडून ‘घालणे’ सार्वत्रिक झाले, आणि वस्त्राला आयुष्यात एकच नाव उरले.

७. उपसंहार

आज जुन्या कपड्यांचा व्यवहार पुन्हा वाढला आहे, पण त्याची परिमाणे वेगळी आहेत. यॉर्कशरमधील बॅटली येथे १८१३ मध्ये बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची रीत शोधली. त्याच उद्योगाचे एक जागतिक केंद्र पुढे पानिपत झाले, आणि परदेशांत टाकलेले लोकरी कपडे तेथे फाडून, पिंजून त्यांची ब्लँकेटे होऊ लागली. दुसरीकडे, १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने शहरातील जुने कपडे गावकऱ्यांना दान म्हणून न देता त्यांनी गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धत घातली. १९२१ च्या वादातील गांधींच्या आक्षेपाला आणि रवींद्रनाथांच्या चिंतेला एकाच वेळी दिलेले उत्तर म्हणून तिच्याकडे पाहता येईल. आणि तिसरीकडे, आजीच्या साडीचा झगा शिवून घेणारा, जुन्या बाजारातून निवडून सदरा आणणारा तरुण वर्ग आहे.

या वर्गाची रुची नवी नाही, हे येथवरच्या विवेचनावरून स्पष्ट व्हावे. नवे आहे ते स्वातंत्र्य. पूर्वी कमी वस्त्रे असणे ही परिस्थिती होती. आज कमी वस्त्रे घेणे हा निर्णय होऊ शकतो. तो निर्णय करणाऱ्याने मराठी शब्दांनी आखलेल्या दोन्ही रेषा ध्यानात ठेवाव्यात. पहिली सुईची : जुने कपडे स्वस्तात मिळतात म्हणून ढिगाने आणले, तर ते दंड घातलेले लुगडे होत नाही, भाराभर चिंध्याच होतात. दुसरी देणाऱ्या हाताची : आपल्याला फाटके वस्त्र शोभून दिसते, कारण ते आपल्याला नाकारता येत होते. ज्यांच्या पूर्वजांना ते नाकारता येत नव्हते, त्यांनी आज कोरे, कडक इस्त्रीचे वस्त्र पसंत केले तर त्याला उधळेपणा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. ती निवडही इतिहासाचे उत्तरच आहे.

विभागातील विद्यार्थ्यांना या विषयात पुष्कळ काम करता येण्यासारखे आहे. दंड, जुनेर, धडपा, लेपाटे, कुंची हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात होते ती पिढी आता वृद्ध झाली आहे. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ यांतील बोलींत या प्रत्येक पायरीची नावे वेगळी आहेत. ती संकलित करताना शब्दाबरोबर कृतीही लिहून घ्यावी : जोड कोठे घेत, टाका कोणता घालीत, कोणता तुकडा कोणासाठी राखीत. नुसता शब्द कोशात गेला तर त्याचा अर्थ ‘जुने वस्त्र’ एवढाच उरेल. आणि ‘कापड’ या शब्दाच्या पोटात शतकानुशतके लपून राहिलेल्या ठिगळाप्रमाणे, त्यातले हात आणि त्यांचे कौशल्य पुन्हा एकदा दृष्टीआड होईल.